रेटिंग शंभरने चढतं आणि परत तिथंच येतं: ऑनलाइन बुद्धिबळातलं जुनं दुखणं

महिनाभर सगळं नीट चालतं. कोडी सुटतात, डाव जिंकले जातात, ११५० चं रेटिंग १२५० ला टेकतं. मग एका संध्याकाळी सलग सहा डाव जातात आणि पुढच्या आठवड्यात आकडा पुन्हा ११५०. ये रे माझ्या मागल्या. तुम्ही नवं ओपनिंग (डाव सुरू करण्याच्या ठरलेल्या चाली) शिकता, आणखी व्हिडिओ पाहता, पुन्हा चढता, पुन्हा घसरता.

हे माझ्या बाबतीत दोन वर्षांत चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी उपाय शोधणं थांबवलं आणि कारण शोधायला लागलो. ज्यांचा आकडा असाच झोके घेतो आहे, त्यांनी कुठल्या क्रमाने काय तपासावं ते खाली लिहितो. अगदी नवशिक्यांसाठी हे नाही. मोहरे कसे चालतात, कॅसलिंग कसं करायचं, घोड्याने दुहेरी मारा कसा होतो एवढं येतं आणि तरी गाडी पुढे सरकत नाही, अशांसाठी आहे.

बिघाड खरंच आहे का?

आधी आकड्याचा स्वभाव समजून घ्या. रेटिंग म्हणजे तुमच्या खेळाच्या ताकदीचा अंदाज असतो. अर्पाद एलो यांनी बांधलेली पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. आज लिचेस आणि चेसडॉटकॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइट्स तिच्याच पुढच्या पिढीतल्या ग्लिको पद्धती वापरतात. मूळ कल्पना मात्र तीच राहिली आहे: दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल वेगळा आला की आकडा हलवायचा.

आता गंमत बघा. एलोच्या हिशेबाने तुम्ही समोरच्यापेक्षा १०० गुणांनी खरोखर सरस असाल तर १०० डावांत तुम्हाला साधारण ६४ गुण मिळायला हवेत. म्हणजे सरस असूनही ३६ गुण समोरच्याकडे जातात. आणि ऑनलाइन तुमची गाठ बहुतेक वेळा तुमच्याच बरोबरीच्या माणसाशी घालून दिली जाते, त्यामुळे प्रत्येक डाव जवळपास नाणेफेक असतो. बरोबरीत सुटणारे डाव बाजूला ठेवले, तर अशा १०० डावांत कुठे ना कुठे सलग पाच हार येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास आहे. एका हारीला आठेक गुण गेले तर तेवढ्या पाच डावांत ४० गुण गेले. तुमचा खेळ बिघडलेला नसतानाही.

म्हणून शिखर आणि दरी यांची तुलना करू नका. १२५० हा तुमचा खरा आकडा आणि ११५० हा अपघात, असं मन लगेच ठरवून टाकतं, पण दोन्ही एकाच झोक्याची टोकं असू शकतात. मी आता दर ५० डावांची सरासरी लिहून ठेवतो. सलग तीन सरासऱ्या जागच्या जागी असतील तरच प्रगती थांबली असं म्हणायचं. आणखी एक: लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरुवात करतो, त्यामुळे तिथला आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहणं निरर्थक आहे. ब्लिट्झचं (तीन-पाच मिनिटांच्या डावांचं) रेटिंग रॅपिडशी (दहा-पंधरा मिनिटांच्या डावांशी) ताडणं तितकंच निरर्थक.

घड्याळ

हे तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि अर्ध्या लोकांची तक्रार इथेच संपते असं माझं मत आहे.

एक डाव ४० चालींचा धरा. तीन मिनिटांच्या डावात प्रत्येक चालीला साडेचार सेकंद येतात. तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंद असतील तर साडेसहा सेकंद. दहा मिनिटांच्या डावात पंधरा सेकंद. पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंद असतील तर साडेबत्तीस सेकंद. साडेचार सेकंदांत माणूस विचार करत नाही, जे आधीपासून अंगवळणी पडलंय तेच करतो. म्हणजे ब्लिट्झमध्ये तुमच्या सवयींचा सराव होतो, चांगल्या सवयींचा आणि वाईटांचाही. नवी सवय लावायची असेल तर तिला बसायला जागा हवी, आणि ती जागा १५+१० च्या आसपास सुरू होते.

ब्लिट्झ सोडाच असं मी म्हणत नाही. मीही सोडलेलं नाही. पण ते आवडतं म्हणून खेळा, ‘सराव’ म्हणून खात्यावर मांडू नका.

दीर्घ डाव खेळत असाल तर आणखी एक गोष्ट उघडून बघा. लिचेसवर डावाच्या विश्लेषणाखाली प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा आलेख असतो. तुमच्या मागच्या दहा हारलेल्या डावांतली निर्णायक चूक शोधा आणि ती करायला किती सेकंद घेतले ते पाहा. माझ्या बाबतीत उत्तर लाजिरवाणं होतं. घड्याळात सहा-सात मिनिटं शिल्लक, आणि डाव घालवणारी चाल तीन-चार सेकंदांत. पंधरा मिनिटांचा डाव मी पाच मिनिटांच्या वेगाने खेळत होतो. तुमचंही तसंच असेल तर बाकीचं वाचण्याआधी एवढंच करा: समोरच्याने चाल केल्यावर हात माउसवरून काढून घ्या, आपली चाल ठरली की मगच परत ठेवा.

इंजिन काय सांगतं आणि काय सांगत नाही

खरं दुखणं माझ्या मते इथे आहे. आपल्याला वाटतं, आपण आपल्या चुकांचा अभ्यास करतो. डाव संपला की बटण दाबतो, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लाल खुणा दाखवतं, अचूकतेची टक्केवारी येते, हिरवा बाण योग्य चाल दाखवतो, आपण ‘अरे हो’ म्हणतो आणि पुढचा डाव सुरू करतो. पालथ्या घड्यावर पाणी.

एक स्थिती सांगतो. मी काळ्याकडून खेळत होतो. माझा राजा जी८ वर (जी स्तंभ, आठवी रांग), पुढे एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. आठव्या रांगेवर माझा एकच हत्ती, ए८ वर. पांढऱ्याचा हत्ती मोकळ्या डी स्तंभावर. ए२ वर त्याचं प्यादं फुकट दिसत होतं, मधली घरं रिकामी. मी हत्तीने ते मारलं. त्याने हत्ती डी८ वर नेला, मात.

इंजिनने दोन प्रश्नचिन्हं लावली आणि सांगितलं: इथे प्यादं एच६ वर ढकलायला हवं होतं. खरं आहे. पण यातून मी काय शिकलो? ‘एच६ खेळावं’ हा धडा नाहीच, कारण ही स्थिती पुन्हा कधी येणार नाही. ‘शेवटच्या रांगेवरची मात’ हा प्रकार मला चांगला माहीत होता. त्यावरची कोडी मी झटक्यात सोडवायचो.

त्याच आठवड्यात आणखी दोन डाव गेले. एकात पांढऱ्याचा घोडा बी५ वर होता आणि सी७ घराची राखण माझा डी८ वरचा वजीर करत होता. मला एच४ वरून हल्ल्याची शक्यता दिसली, वजीर उचलला, आणि घोड्याने सी७ वरचं प्यादं मारून राजा आणि हत्ती दोघांवर एकदम हल्ला केला. दुसऱ्यात पांढऱ्याचा उंट डी३ वर आणि त्याच्यामागे वजीर सी२ वर होता. एच७ वरच्या प्याद्याला माझ्या एफ६ वरच्या घोड्याचाही आधार होता. तो घोडा मी डी५ वर ‘छान मध्यवर्ती घर’ म्हणून नेला, आणि उंटाने शह देत ते प्यादं खाल्लं. पुढे राजा उघड्यावर पडला.

इंजिनच्या लेखी या तीन वेगळ्या चुका आहेत. कोडी देणाऱ्या यंत्रणेच्या लेखी तीन वेगळे विषय: शेवटची रांग, घोड्याचा दुहेरी मारा, राजावरचा हल्ला. मी तिन्ही विषयांची कोडी सोडवत बसलो असतो तरी काही फरक पडला नसता, कारण चूक एकच होती. मी जो मोहरा उचलला तो आधीच्या घरातून कोणतं काम करत होता, हे मी विचारलंच नव्हतं. मोहरा जिथे जाणार ते घर मी पाहत होतो, जिथून निघणार ते घर पाहतच नव्हतो.

चाल कुठे चुकली हे यंत्राला कळतं. डोकं कुठे घसरलं हे त्याला कळायला मार्ग नाही, कारण त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं, तेही डाव संपल्यानंतर अर्धा तासभरच. म्हणून स्वतःसाठी नेमका अभिप्राय हवा असेल तर त्यातला निम्मा माल तुम्हालाच पुरवावा लागतो.

वही

माझी पद्धत अशी. डाव संपल्यावर इंजिन बंद ठेवून एकदा पूर्ण डाव मागे-पुढे करून पाहायचा. तीनच ठिकाणी थांबायचं: जिथे मला कळेना, जिथे मला धक्का बसला, आणि जिथे डाव हातातून गेला असं वाटलं. प्रत्येक ठिकाणी एक ओळ लिहायची, तेव्हा मी काय विचार करत होतो. मग इंजिन चालू करायचं आणि आपला अंदाज पडताळायचा. बऱ्याचदा असं निघतं की डाव मला वाटलं तिथे गेलाच नव्हता, सहा चाली आधीच गेला होता. ही तफावत स्वतःच एक मोठी माहिती आहे.

मग प्रत्येक निर्णायक चुकीपुढे कारण लिहायचं, आणि ते ‘निष्काळजीपणा’ असं नाही. त्या शब्दाला औषध नसतं. माझ्या वहीत पाच कारणं पुरतात. समोरच्याने काय केलं ते पाहिलंच नाही. पाहिलं, पण हिशेब एक चाल आधी थांबवला. हिशेब बरोबर होता, पण शेवटची स्थिती चांगली की वाईट ते कळलं नाही. ही स्थिती खेळायची कशी ते माहीतच नव्हतं. आणि पाचवं, माहीत असूनही घड्याळ किंवा राग यांनी खेळवलं. पहिल्या कारणाखाली मी नंतर पोटकलम टाकलं: उचललेल्या मोहऱ्याचं जुनं काम.

तुमची कारणं वेगळी निघतील. माझ्या ओळखीतल्या एकाच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा ‘उंट मागे येऊ शकतो हे दिसलं नाही’ असं होतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मागे जाणाऱ्या तिरक्या चाली आणि हत्ती-वजिराच्या लांब आडव्या चाली पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. आपला डोळा पटावर पुढे धावायला शिकलेला असतो. दुसऱ्या एकाचं निघालं: समोरच्याने काही मारलं की हा क्षणात उलट मारतो, मध्ये शह द्यायची संधी आहे का बघत नाही.

वीस हारलेले डाव लिहून होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. पाच डावांनंतर जे कारण वर दिसतं ते वीस डावांनंतर बहुधा बदलतं. आणि हो, जिंकलेले डावही अधूनमधून तपासा. समोरच्याने तुमची चूक पाहिली नाही म्हणून ती चूक राहत नाही असं नाही.

अचूकतेच्या टक्केवारीबद्दल जाता जाता: तिच्यावर जीव लावू नका. मोहऱ्यांची फटाफट अदलाबदल होऊन संपलेल्या डावात ती सहज ९० च्या वर जाते, आणि चुरशीच्या, गुंतागुंतीच्या डावात तुम्ही मनापासून चांगलं खेळूनही ७५ वर राहते. इंजिनचं मूल्यमापन (कुणाचं पारडं किती जड त्याचा आकडा) +०.४ वरून +०.१ वर आलं, तर आपल्या पातळीवर त्याचा अर्थ शून्य. जिंकलेल्या स्थितीत तुम्ही साधा सुरक्षित मार्ग घेतला आणि त्याने नऊ चालींतली मात दाखवली, तर तुम्हीच शहाणे.

कारण सापडलं, आता अभ्यास कुठला?

बहुतेक लोक हारले की ओपनिंग शिकतात. मीही तेच करायचो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वहीने दाखवलं की माझे हारलेले डाव सोळाव्या ते तिसाव्या चालीदरम्यान जातात. तिथवर ओपनिंग केव्हाच संपलेलं असतं.

कारण पहिलं असेल, म्हणजे समोरच्याची धमकीच दिसत नसेल, तर कोड्यांचा प्रकार बदला. नेहमीच्या कोड्यात आपल्याला ठाऊक असतं की इथे काहीतरी दडलंय. डावात कुणी घंटा वाजवत नाही. लिचेसवर बचावाच्या चालींचा, शांत चालींचा आणि निराधार मोहऱ्यांचा असे वेगळे विषय आहेत, ते घ्या. स्वतःच्याच डावांतून तयार झालेली कोडीही तिथे शोधता येतात. संख्या कमी असते, पण मोल जास्त. आणखी एक खेळ मी स्वतःशी खेळतो: कुठल्याही डावातली मधली स्थिती उघडायची आणि ‘आता समोरच्याची सलग दुसरी चाल असती तर त्याने काय केलं असतं?’ एवढंच शोधायचं. पाच मिनिटांत दहा स्थिती होतात.

कारण दुसरं असेल, हिशेब अर्धवट सुटत असेल, तर कोड्यातली पहिली चाल तोवर खेळू नका, जोवर शेवटपर्यंतच्या सगळ्या चाली मनात दिसत नाहीत. दिवसाला पाच कोडी झाली तरी पुरे. घड्याळ लावून धडाधड सोडवायची कोडी ओळखीचे आकृतिबंध पक्के करतात, पण हिशेबाच्या आळसाला ती खतपाणी घालतात. आणि कोड्यांचं रेटिंग डावाच्या रेटिंगपेक्षा पाच-सातशेने जास्त असणं हे सर्रास आहे. त्यावरून ‘मी खरं तर १९०० चा खेळाडू’ असं काढू नका.

तिसऱ्यासाठी माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मूल्यमापन सुधारायला चांगल्या खेळाडूंचे संपूर्ण डाव सावकाश पाहावे लागतात, पुढची चाल झाकून, स्वतः अंदाज करत. कंटाळवाणं आहे. फायदा उशिरा दिसतो.

चौथं, ‘माहीतच नव्हतं’, हे सगळ्यात लवकर बरं होणारं दुखणं. उदाहरणार्थ डावाचा शेवट. राजा आणि प्यादं विरुद्ध एकटा राजा यातलं एक सूत्र कित्येक अर्धे गुण वाचवतं: कडेचं प्यादं नसेल आणि तुमचा राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या रांगेवर पोचला असेल, तर चाल कुणाचीही असो, तुम्ही जिंकता. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८ अशी मांडणी करून दोन्ही बाजूंच्या पाळीने इंजिनविरुद्ध खेळून बघा. हत्तीच्या शेवटांपैकी दोनच आधी शिका. लुसेना स्थितीत, प्यादं सातव्या रांगेवर आणि राजा त्याच्यापुढे अडकलेला असताना, हत्ती चौथ्या रांगेवर आणून शहांपासून राजाला आडोसा कसा करायचा (यालाच ‘पूल बांधणं’ म्हणतात) ते. आणि फिलिडोर बचावात, समोरच्याचा राजा आपल्या तिसऱ्या रांगेवर येऊ नये म्हणून हत्तीने ती रांग कशी अडवायची, आणि त्याने प्यादं तिथे ढकललं की लगेच मागे जाऊन शह कसे द्यायचे ते. लिचेसच्या सराव विभागात दोन्ही आहेत. पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की विश्लेषणात टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या, आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींचा साठा) उत्तर देतो, आणि ते उत्तर अंदाज नसून शेवटपर्यंत सिद्ध झालेलं असतं.

ओपनिंगही याच खान्यात येतं, पण प्रमाणात. माझा नियम: प्रत्येक हारलेल्या डावातून ओपनिंगची एकच चाल शिकायची, जिथे मी पहिल्यांदा वाट सोडली ती. इटालियन नावाच्या ओपनिंगमध्ये मी काळ्याकडून तीनदा एकाच खड्ड्यात पडलो. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि पांढऱ्याने घोडा जी५ वर आणला. मी डी५ खेळलो, त्याने ई प्याद्याने ते मारलं, मी घोड्याने उलट मारलं, आणि त्याने एफ७ वर घोड्याचं बलिदान देऊन माझा राजा पटाच्या मधोमध ओढून काढला. यावर शंभर चालींचा अभ्यास करायची गरज नव्हती. उलट मारण्याऐवजी सी६ वरचा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकायचं, एवढी एक चाल लिहून ठेवली. ओपनिंग एक्सप्लोररमध्ये स्वतःचं नाव टाकलं की कुठल्या चालीनंतर तुमचे निकाल पडतात ते आकड्यांत दिसतं. ते पाहिल्याशिवाय नवं ओपनिंग हातात घेऊ नका.

पाचवं कारण, राग आणि घड्याळ. सलग दोन हारल्यावर खेळ बंद. उट्टं काढायच्या नादात खेळलेल्या तिसऱ्या डावाने माझे जितके गुण नेलेत तितके कुठल्याच ओपनिंगने नेलेले नाहीत.

माणसाला विचारायचं ते कसं

वहीला एक मर्यादा आहे: आपली आंधळी बाजू आपल्याला दिसत नाही. मिखाईल बोट्विनिक, जे १९४८ साली विश्वविजेते झाले, ते स्वतःच्या डावांचं विश्लेषण करून छापायचा आग्रह धरायचे. लोकांनी त्यातल्या चुका काढाव्यात, हाच हेतू. आपल्याला छापायची गरज नाही. आपल्यापेक्षा तीन-चारशे गुणांनी वरचा एक माणूस पुरे, मग तो प्रशिक्षक असो वा मित्र.

पण त्याला ‘माझं रेटिंग का वाढत नाही?’ असं विचारलंत तर ‘कोडी सोडव’ असं उत्तर येईल. त्याऐवजी एक हारलेला डाव द्या, इंजिनच्या खुणा काढून टाकून, तुमच्या त्या एका-एका ओळीच्या नोंदींसकट. मला असंच एकदा विचारलं गेलं, “इथे तू कुठल्या चालींतून निवड केलीस?” आणि माझ्या लक्षात आलं की निवड अशी नव्हतीच. मनात आलेली पहिली चाल मी खेळलो होतो. दुसरी चाल शोधलीच नव्हती. हे कुठल्याही इंजिनने मला सांगितलं नसतं.

चॅटबॉटला स्थिती सांगून कारण विचारणारेही आता बरेच आहेत. वाक्यं सुरेख येतात, पण पटावर नसलेला उंट त्यात मारला जाताना मी पाहिलाय. विचारा हवं तर, पण प्रत्येक चाल इंजिनवर तपासून मगच वहीत घ्या.

नियमितपणा, आणि दुखणं परत का येतं

आठवड्याला माझ्याकडे साधारण चार तास असतात. त्यात १५+१० चे तीन डाव, प्रत्येकावर लगेच वीस मिनिटं, आणि उरलेल्या वेळात वहीत सध्या जे कारण वर आहे त्याचाच अभ्यास. एकदम रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास मला मानवतो. तुम्हाला उलट मानवत असेल तर तसं करा, फक्त डाव आणि त्याचं विश्लेषण यांच्यात रात्र जाऊ देऊ नका.

चुकांच्या स्थिती मी लिचेसच्या ‘स्टडी’मध्ये साठवतो, एक चूक म्हणजे एक प्रकरण. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, पटावरच्या घरांइतकीच. भरलं की नवं उघडायचं. प्रकरण परस्परसंवादी धड्याच्या रूपात ठेवलं की ती स्थिती स्वतःसाठीच कोडं बनते. तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने तेच कोडं पुन्हा सोडवतो. महिन्यानेही चुकलो तर ते कारण अजून जिवंत आहे.

आता मूळ तक्रार. हे सगळं करूनही आकडा परत का पडतो? मला तीन प्रसंग सापडले आहेत.

पहिला, सवय बदलताना खेळ आधी बिघडतो. प्रत्येक चालीआधी ‘हा मोहरा काय राखतोय?’ विचारायला लागलो तेव्हा दोन-तीन आठवडे मी घड्याळातली वेळ संपून हरत होतो. रेटिंग साठेक गुणांनी पडलं. नेमक्या याच टप्प्यावर लोक पद्धत सोडतात आणि तिलाच दोष देतात. अशा वेळी रेटिंगकडे बघू नका, वहीतल्या त्या एका कारणाची संख्या मोजा. ती कमी होत असेल तर चालू ठेवा. लिचेसवर रेटिंग लपवायची सोयही आहे, ती वापरायला लाजू नका.

दुसरा, आकडा चढला की अभ्यास सुटतो. माझ्या चारपैकी तीन घसरणी अशाच झाल्या.

तिसरा प्रसंग जरा कौतुकाचा आहे. वर गेल्यावर समोरची माणसं बदलतात. ११०० च्या आसपास समोरचा स्वतःहून एखादा मोहरा टाकतो आणि तुम्ही तो उचलण्याइतके जागे असलात तरी चालतं. पुढे मोहरे असे पडत नाहीत. जिंकायला काहीतरी उभारावं लागतं. म्हणजे जुनं कारण बरं झालेलं असतं, पण आता वेगळंच कारण वर आलेलं असतं आणि आपण मात्र जुनंच औषध घेत राहतो. म्हणून दर दोन महिन्यांनी वहीतली कारणं नव्याने मोजा, जुनी बेरीज पुढे ओढू नका.

माझ्याच वहीत मागच्या मोजणीत ‘उचललेल्या मोहऱ्याचं जुनं काम’ चौथ्या क्रमांकावर गेलं. सगळ्यात वर आलंय ‘जिंकलेल्या स्थितीत काय करावं ते सुचलं नाही’. प्यादं जास्त असतं, हातात वेळ असतो, आणि मी हत्ती पुढे-मागे हलवत बसतो. त्यामुळे सध्या कोडी बंद आहेत आणि रोज संध्याकाळी इंजिनविरुद्ध एक प्यादं जास्त असलेली हत्तीची स्थिती मांडून खेळतो. काल रात्री लुसेना गाठली आणि पूल बांधायचा तो हत्ती पाचव्या रांगेवर नेला.